गल्ल्यापासून दूर

नागपुरात बर्डीवर दिवेलागणीला गिऱ्हाइकांची गर्दी उसळते आणि त्याच वेळी पतसंस्थेच्या दैनिक ठेवीचा एजंट दुकानं घेत निघतो. मेन रोडलगतच्या गल्लीत माझ्या ओळखीचं मॅचिंगचं दुकान आहे. दुकानदार अस्तर फाडता फाडता गल्ल्यातून दोनशे रुपये काढून देतो, यंत्रातून पावती निघते, ती कात्रीखाली सरकते. अकरा वर्षं हे चाललंय. म्हातारपणासाठी किती साठले, असं मी एकदा विचारलं. त्यानं रंगांनी भरलेल्या फळ्यांकडे हात केला. "सगळं इथंच आहे न भाऊ. दिवाळीचा माल भराचा असला का ठेव मोडाच लागते."

निवृत्तीसाठी पैसा कुठं ठेवावा, हे आपण नेहमी व्याजाच्या टक्क्यावरून ठरवतो. पण नोकरदाराचा भविष्य निर्वाह निधी पगार हाती येण्याआधीच कापला जातो. दुकानदार स्वतःच मालक, स्वतःच नोकर; मालकाची गरज नोकराची पुंजी खाऊन टाकते.

म्हणूनच १९६८ साली सुरू झालेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीपीएफमध्ये, पैसा १५ वर्षं अडकतो, ही तक्रार मला त्याची थोरवी वाटते. शिवाय खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकमानंही ही रक्कम जप्त होत नाही. उधारीवर माल उचलणाऱ्यानं हा नियम पाठ करून ठेवावा. अटल पेन्शन योजनेत अठराव्या वर्षी शिरलं तर महिना २१० रुपयांत साठीनंतर पाच हजारांची पेन्शन मिळते. चाळिशीत त्यासाठीच १,४५४ भरावे लागतात, आणि पुढं दार बंद. तेव्हाच्या महागाईत त्या पाच हजारांना काय येईल, हाही प्रश्न आहेच.

तरी दैनिक ठेवीला हिणवू नये. दारात रोज माणूस येतो, म्हणून पैसा निघतो. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं. तिथं पैसा फक्त गोळा करावा आणि वर्षअखेर उचलून पीपीएफमध्ये टाकावा. दोनशे रुपये, तीनशे दिवस, म्हणजे साठ हजार. ७.१ टक्के व्याज टिकलं तर १५ वर्षांत पंधरा लाखांच्या वर जातात.

गेल्या मार्चमध्ये त्या दुकानदारानं पोस्टात पीपीएफचं खातं काढलं. पासबुक गल्ल्यात न ठेवता घरी बायकोजवळ दिलं. यंदा दिवाळीला गेलो तर मोरपंखी आणि गुलबक्षीच्या मधला एक खण रिकामा होता.