मागच्या आसनाची ऊब

'बायपास' हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे, की त्याला मराठी शब्द शोधावा असे आता कुणाच्या मनातही येत नाही. शेजारच्या अण्णांची बायपास झाली म्हणजे काय झाले, हे शाळकरी पोरालाही समजते. हृदयाकडे जाणारी एक वाट तुंबली, तिला वळसा घालून रक्ताला दुसरी वाट काढून दिली, आणि उपाशी पडलेल्या स्नायूला पुन्हा घास मिळू लागला. रस्त्याचा बायपास मात्र निराळा. तिथे गावालाच वळसा घालतात. गाड्या लवकर पोचतात आणि गावातल्या स्टँडासमोरचा भजीवाला रिकाम्या बाकड्यांकडे पाहत बसतो. एकाच शब्दाने एके ठिकाणी अडथळा टाळला जातो, तर दुसऱ्या ठिकाणी घेणाराच टाळला जातो.

मोटारीच्या पोटातही एक बायपास असतो, आणि तो या दोहोंपैकी कोणत्या जातीचा, असा प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला घातला आहे. मुलगा कॅनडात अल्बर्टा प्रांतात असतो. त्या देशाच्या कायद्याने पंधरा वर्षे वा त्याहून जुनी झालेली मोटार परदेशांतून आणता येते. त्यामुळे जपानी डिझेल व्हॅन, विशेषतः मित्सुबिशीची डेलिका, तिकडे बऱ्याच आल्या आहेत. चक्र आपल्यासारखे उजवीकडे असल्यामुळे आपल्या माणसाला त्या घरच्या वाटतात. अशीच एक जुनी व्हॅन या पोराने घेतली आहे, आणि तिच्या रबरी नळ्या आता बदलायला आल्या आहेत.

थोडे यंत्राविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वाचकांनी, विशेषतः फराळाच्या ताटाशी बसलेल्यांनी, तेवढे सोसावे. इंजिनात जळणाऱ्या तेलाची निम्म्याहून अधिक शक्ती चाकांपर्यंत पोचतच नाही, ती उष्णता होऊन वाया जाते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन चालवून दाखवले, ते इतरांपेक्षा काटकसरी होते; पण अखेर माणसाच्या कोणत्याही काटकसरीला मर्यादा असते. ही वाया जाणारी उष्णता इंजिनाभोवती फिरणारे पाणी उचलते आणि रेडिएटरवाटे वाऱ्यावर सोडून देते. थंड मुलखात मोटार बांधणारे त्यातलेच थोडे गरम पाणी नळ्यांनी आत आणतात, एका छोट्या रेडिएटरमधून फिरवतात, मागे पंखा लावतात, की झाला हीटर. पुढे एक, आणि मोठ्या गाडीत मागच्या आसनांसाठी दुसरा. मागच्या हीटरच्या नळ्या गाडीच्या तळाखालून जातात. बर्फ वितळावे म्हणून तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात; ते मीठ लोखंडाच्या नळ्या खाते, आणि रबर तर वयाने आपोआपच कडक होऊन तडकते.

मेस्त्रीचा सल्ला सरळ आहे. पुढच्या नळ्या नव्या घाला. मागच्या हीटरकडे जाणाऱ्या व तिकडून येणाऱ्या नळ्या पुढेच कापा, आणि दोन्ही टोके एका वळणदार नळीने जोडून टाका. पाणी तिथल्या तिथे परत फिरेल. पैसे वाचतील, तळाखाली उताणे पडून गंजलेल्या क्लिपांशी झगडणे वाचेल.

मला प्रथम हा सल्ला कोता वाटला. वाटले, चक्र ज्याच्या हाती त्याच्या पायाशी पुढचा हीटर. मागे कोण कुडकुडते याचा निर्णय घेणाराच त्या थंडीपासून सुरक्षित आहे. आणि बचत तरी कशाची? ऊब तर फुकटचीच होती, इंजिनाने टाकून दिलेली! खर्च आहे तो ती मागे नेणाऱ्या वाटेचा. विचार करता वाटते, की संसारातही बहुधा हेच होते. द्यायला आपल्यापाशी पुष्कळ असते. दूरच्या आत्याची चौकशी करण्याइतकी माया कुणापाशी नसते? पण तिच्या गावापर्यंतची वाट दुरुस्त ठेवणे जड जाते, आणि एके दिवशी आपण जवळच्या जवळ नळी जोडून मोकळे होतो.

परंतु मेस्त्रीला असे झटकून टाकणे न्यायाचे नाही. त्याचे म्हणणे मी पुन्हा नीट वाचले. सगळ्या गाडीत पाणी एकच. मागची कुजकी नळी रस्त्यात फुटली तर पाणी फक्त मागचे जात नाही, सगळे जाते. बाहेर उणे तीस अंश असले तरी पाण्यावाचून इंजिन तापते. वरचे हेड वाकते किंवा तडकते, गाडी उभी राहते, आणि मग पुढचा हीटरही थंड. अशा रात्री वस्तीपासून चाळीस मैलांवर गाडी बंद पडणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. म्हणजे मागच्यांची ऊब तोडणारा हा माणूस मागच्यांच्याच जिवाची काळजी वाहतो आहे. आता बोला! एका अवयवासाठी देह धोक्यात घालू नये, हे आपले जुनेच शहाणपण आहे.

मात्र या शहाणपणात एक खोच आहे. कुजकी नळी काढलीच पाहिजे, इथवर मेस्त्री शंभर टक्के खरा. पण ती काढल्यावर नवी घालायची की नाही, हा दुसरा प्रश्न, आणि पहिल्याच्या जोरावर तो दुसरा हळूच उरकून घेतो. धोका नळी जुनी असण्यात आहे, ती मागे जाण्यात नाही. नव्या नळीला सांधे असतात, कधीमधी तेही गळतात, हे कबूल. पण तेवढ्या भीतीने तोडायचे तर पुढचा हीटरही तोडावा. तो कुणी तोडत नाही. 'सर्वांच्या हितासाठी' म्हणून केलेली छाटणी नेहमी एकाच टोकाकडून सुरू होत असेल, तर त्या हिताकडे जरा निरखून पाहावे.

पैसेच नसतील तर? तर तोडावे, आणि तसे म्हणावे. त्यात लाज नाही. लाज आहे ती बटणात. मागच्या हीटरची नळी तोडली तरी त्याचे बटण आणि पंखा जागच्या जागी राहतात. बटण दाबले की पंखा घुर्रर्र करतो आणि गार वारा येतो. उद्या ही गाडी कुणी विकत घेईल, बटण पाहील, मागे तान्हे मूल बसवील. त्या बटणाखाली दोन ओळींची चिठ्ठी चिकटवायला काहीच पडत नाही. सरळ 'नाही' म्हटलेले माणूस सोसते. 'आहे' म्हणून गार वारा दिलेला सोसत नाही.

(जाता जाता एक सांगतो. गाडीतले हे पाणी नुसते पाणी नसते. गोठू नये म्हणून त्यात निम्मे ग्लायकॉल असते. ते गोड लागते, आणि कुत्र्यामांजरांच्या मूत्रपिंडांचा घात करते. नळ्या काढताना अंगणात सांडलेले तसेच सोडू नये, हे मी त्या मुलाला न विचारता लिहून टाकले.)

खरा पेच निराळाच आहे. मागच्या आसनावर बसते त्याची आई. साताऱ्याकडची बाई, सत्तरीची. नातवाला सांभाळायला गेली आहे. तिला त्याने विचारले. ती म्हणाली, "मला शाल पुरते रे, कशाला खर्च?" तेव्हा, गुरुजी, ज्याला थंडी वाजायची त्याचीच संमती आहे, मग प्रश्न उरतो कुठे, असे तो मला विचारतो.

इतकी वर्षे वर्गात काढल्यावर अशा संमतीची मला थोडी ओळख आहे. मागच्या बाकावरचा मुलगा 'फळा दिसत नाही' असे सहसा सांगत नाही. तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो. विचारले तर 'दिसते' म्हणतो. तो खोटे बोलत नाही. काय दिसायला हवे होते, हेच त्याला ठाऊक नसते. आणि ज्या बाईने जन्मभर सगळ्यांना वाढून मग पातेल्यातले खरवडून घेतले, तिला 'तुला पुरेल ना?' असे विचारणे हा प्रश्न तरी आहे का? तिचे उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असते. पण मग तिच्या शब्दाला किंमतच नाही असेही कसे म्हणावे? तिला नको म्हणण्याचा हक्क नाही काय? मुलाच्या संसारात चार पैसे वाचवण्याचे सुख तिचेच, ते मी परस्पर कसे हिरावून घेऊ? इथे माझी लेखणी अडते.

मी त्याला एवढेच लिहिले, की नळी कापण्याआधी एकदा मागचा हीटर बंद ठेव, गाडी दुसऱ्याला चालवायला दे, आणि आईच्या जागी तासभर बस, शाल घेऊन. त्याचे उत्तर आले आहे. तळाखाली शिरून त्याने दोन्ही नळ्यांची मापे घेतली आहेत आणि नव्यांची किंमतही विचारली आहे. मागे बसण्याविषयी काही लिहिलेले नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर तिकडे पहिले बर्फ पडून गेलेले असेल.