हिंगोलीत शिकणाऱ्या भाचीस

नाशिक

चि. बाळ,

परवा तुझा फोन झाल्यापासून एक गोष्ट मनात घोळतेय, म्हणून लिहायला बसले. लेक्चरपेक्षा मोबाइलवरचे व्हिडिओ जास्त समजतात, दीडपट वेगाने लावले की खोलीतल्या खोलीत सगळा पोर्शन होतो, असं तू म्हणालीस. तुझ्या आईला ऐकून बरं वाटलं. मला मात्र थोडी काळजी लागून राहिली.

व्हिडिओ वाईट असं मी म्हणत नाही हं. २०२०च्या टाळेबंदीत मीही लॅपटॉपसमोर बसून फिजिऑलॉजी शिकवलं. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुली चॅटमध्ये इतके नेमके प्रश्न टाकायच्या, की वाटायचं, या इतके दिवस होत्या कुठे? शिवाय तुमचं कॉलेज नवं. ९ ऑक्टोबर २०२४ला राज्यातल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एकदम उद्घाटन झालं, त्यातलंच हिंगोलीचं. वरच्या बॅच मोजक्या, कुणाच्या जुन्या वह्या मिळायची सोय नाही. अशा ठिकाणी मोबाइलचा आधार वाटणारच.

पण बाळा, तू लहानपणापासून अबोल. पाहुणे आले की पुस्तक घेऊन माडीवर पळायचीस. तेव्हा पुस्तक होतं, आता अ‍ॅप आहे. आपला दादा बघ, अगदी उलट. चार अ‍ॅपचे पैसे भरले, एकही पुरं केलं नाही, पण वॉर्डात गेला की पेशंटच्या नातवंडांची नावंसुद्धा त्याला पाठ. ज्याचा जसा स्वभाव, तसं तो साधन वापरतो आणि जे जड जातं ते नकळत टाळतो. तुझी भीती मला एवढीच आहे.

२००९ साली बेल्जियममधल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी स्वभाव आणि मार्क यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला होता. नेटाने, शिस्तीने काम करणाऱ्यांना त्या गुणाचा फायदा वर्षागणिक वाढतच गेला. बोलक्या मुलांना पहिल्या वर्षी त्या स्वभावाचा उपयोग झाला नाही, उलट थोडा तोटाच झाला. पुढे पेशंटशी गाठ पडायला लागली, तसा त्याच स्वभावाने हात दिला. नेट तुझ्याकडे आहे, त्याची मला चिंता नाही. पुढच्या वर्षांसाठी आत्तापासून थोडं धीट हो, एवढंच म्हणते.

तू नाशिकची, मी हिंगोलीकडच्याच वसमतची, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे. तिकडे ‘कधीपासून दुखतंय?’ विचारलं, तर आजी तारीख सांगणार नाही. ‘हळद शिजवायच्या टायमापासून दुखायलंय’ म्हणेल, नाहीतर ‘औंढ्याच्या जत्रेच्या आधीपासून’. हळदीचा तो हंगाम फेब्रुवारी-मार्चचा आणि औंढ्याची जत्रा महाशिवरात्रीची, हे ठाऊक असेल तरच तुझ्या केसपेपरवर महिना उतरेल. आमच्या घरी हळद निघायची तेव्हा सगळ्यांचे तळहात पिवळेजर्द, नखांच्या कडांतला रंग कितीतरी दिवस जात नसे. असे हात घेऊन कुणी समोर बसलं तर कावीळ समजून दचकू नकोस. त्या पेशंटला खिडकीशी उजेडात ने, खाली बघायला सांग, वरची पापणी हलकेच उचल आणि डोळ्याचा पांढरा भाग बघ. तांड्यावरून आलेली बाई गोरमाटीत बोलेल, तेव्हा तिच्या सुनेला जवळ बसवून घे आणि घाई करू नकोस. हे कुठल्या व्हिडिओत असलं तरी करून बघितल्याशिवाय हाताला येत नाही.

बडबडी हो, असं मी मुळीच म्हणत नाही. ऐकून घेणारी मुलगी डॉक्टर म्हणून पेशंटला फार हवी असते. तुमचं गावातली कुटुंबं दत्तक घ्यायचं काम पहिल्या वर्षापासूनच असतं ना? गावात गेलीस की फॉर्म भरून झाल्यावरही पाच मिनिटं ओट्यावर बस. मैत्रिणीला पुढे करून तिच्यामागे उभी राहू नकोस, पहिला प्रश्न तूच विचार. आणि डिसेक्शन हॉलमध्ये टेबलाच्या कडेला नको, मधे उभी राहा. थ्रीडी चित्रात नस निळी, धमनी लाल दिसते. खरी शोधायला बोटं लागतात.

खोलीत व्हिडिओ बघ, जरूर बघ. संपला की फोन पालथा ठेव आणि काय कळलं ते रूममेटला मोठ्याने सांग. अमेरिकेत सेंट लुइसला झालेला असाच एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झालाय. पाठ परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्याने पाहिलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. तुला यात दुसराही फायदा आहे, व्हायव्हात आवाज कापणार नाही. शंभर जणांसमोर नको वाटत असेल, तर एकीसमोर चालेल.

इकडे सगळं ठीक. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता ती सुईत दोरा स्वतः ओवते आणि सगळ्यांना बोलावून दाखवते. डिंकाचे लाडू करतेय, दादा येईल त्याच्याबरोबर पाठवीन. रूममेटलाही दे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागू नकोस.

रविवारी फोन करशील तेव्हा दत्तक घरातलं कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत सांग. मला आपल्याकडची बोली ऐकायची आहे.

तुझी,
मावशी