पिवळ्या पळसाचे ठिकाण

फाल्गुन लागला म्हणजे भिवापूरच्या आसपासच्या रानांतील पळस पाने टाकून केशरी फुलांनी भरून जातात. अशा शेकडो झाडांत क्वचित एखादे पिवळे फुललेले आढळते. पांढरे तर त्याहूनही विरळा. ते पाहून हर्ष व्हावा हे स्वाभाविकच आहे. परंतु गावी परतल्यावर त्याचे ठिकाण सांगावे काय?

वाचकहो, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. पांढऱ्या पळसाने गुप्तधन सापडते अशी समजूत अद्याप कित्येकांच्या मनात आहे, आणि तीवर भोंदू लोकांचा व्यापार चालतो. वार्ता फुटली की फुले, साल, मुळ्या, सर्व ओरबाडले जाते. श्रावणात फुलणाऱ्या कळलावीचा कंदही औषधासाठी असाच खणून नेतात. (तो विषारी आहे हे खणणारास ठाऊक असते, हे विशेष.) उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग भिवापूर तालुक्यात येतो, व तेथून परवानगीवाचून झाडझाडोरा नेण्यास 1972 च्या कायद्याने मनाई आहे, परंतु प्रत्येक झाडापाशी रक्षक कोठून असणार?

कोणी म्हणेल, "ठाऊक नाही" म्हणून मोकळे व्हावे. आमच्या मते हे असत्यच होय. "सांगणार नाही" हे असत्य नव्हे, मात्र ते म्हणावयास धैर्य लागते, कारण शेजारी दुखावतो. आणि मिरचीचे पीक बुडालेला, देणेकऱ्यांनी गांजलेला शेजारीच विचारीत असेल तर? आपल्या मौनाने त्याचा भ्रम वाढतोच. लपविले त्या अर्थी तेथे धन असलेच पाहिजे, असे तो समजेल.

म्हणून बाजारात बोलू नये, मोबाईलवरील चित्रही चहूकडे धाडू नये, कारण त्यात कित्येकदा जागेची नोंद असते. पण त्या एका शेजाऱ्यास हाती धरून झाडापाशी न्यावे. यात धोका आहे. तो रात्री कुऱ्हाड घेऊन परतेलही. तरी झाड वाचविण्यासाठी माणसास भोंदूच्या हाती सोडणे आम्हांस मान्य नाही. फुलाचा रंग तेवढा निराळा, बाकी तो पळसच, हे त्याने स्वतः पाहावे. पुढे पालवी फुटल्यावर त्यास पुन्हा न्यावे, आणि या झाडाच्या पानांची एक व शेजारच्या केशरी पळसाच्या पानांची एक, अशा दोन पत्रावळी त्याच्याच हातून लावून घ्याव्यात. कोणती कोणाची, हे मग त्यानेच सांगावे.