काळोखाला दिलेली जागा

उतागावा हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं १८५८ सालचं एक चित्र आहे. एदो शहरातली, म्हणजे आजच्या टोकियोतली, उन्हाळी उत्सवाची रात्र. सुमिदा नदी, तिच्यावरचा र्‍योगोकू पूल, पाण्यात नावांची दाटी आणि आकाशात शोभेची दारू. पण कागदाचा बहुतेक भाग काळोखानेच व्यापलेला आहे. पुलावरची माणसं ठिपक्यांएवढी, कुणालाही चेहरा नाही. वर फुटलेल्या बाणाच्या ठिणग्या तेवढ्या उजळ.

हे लाकडी ठशांवरून छापलेलं चित्र. कल्पना हिरोशिगेची, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. आकाश वरून खाली हळूहळू फिकं होत जावं म्हणून छापणारा ठशावरचा रंग पुसून पुसून विरळ करी. काळोख असा मेहनतीने, हाताने उतरवलेला आहे. आणि तो त्या शहराला अनोळखी नव्हता. १८५५ मध्ये एदोत मोठा भूकंप झाला होता. हे चित्र ज्या मालिकेतलं, ती सुरू झाली त्यानंतर, १८५६ मध्ये. १८५८ मध्ये पटकीची साथ आली. त्याच वर्षी हिरोशिगे गेला. त्याच साथीत गेला, असं मानलं जातं.

हे चित्र पाहिलं की मला सोलापूरची जानेवारी आठवते. ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, मग होम मैदानावरचं होमप्रदीपन. आणि संक्रांतीनंतर एका रात्री त्याच मैदानावर शोभेचं दारूकाम. आकाश उजळतं, हजारो माना एकदम वर होतात. आवाज विरला की धूर आणि काळोख.

या यात्रेच्या तोंडावरच १२ जानेवारी येते. १९३१ साली याच तारखेला स्वातंत्र्यलढ्यातल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी याच शहराने इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला होता. चार हुतात्म्यांना हार घालणारं सोलापूर दुसऱ्या दिवशी नंदीध्वजांच्या वाटेवर उभं राहतं. याला कुणी विसरभोळेपणा म्हटलं तर मला ते अजिबात पटणार नाही. ज्या गावाने चार माणसं अशी गमावली, त्याला उजेडाची किंमत जास्तच कळते.

आपल्या यात्रेची छायाचित्रं आता खूप निघतात. त्यांत रोषणाई झगझगीत दिसते, दारूकामाचा प्रत्येक रंग दिसतो. रात्र मात्र कुठेच दिसत नाही. म्हणून वाटतं, सोलापुरात चित्रकला शिकणाऱ्या एखाद्या मुलाने, मुलीने यंदा होम मैदानाच्या कडेला वही घेऊन बसावं. आधी काळोख रंगवावा, मग त्यात माणसं उभी करावीत, आणि बाण सगळ्यांत शेवटी सोडावा.