चाफळचे दोन मारुती

चाफळला राममंदिरात जाणाऱ्याला मारुती दोनदा भेटतो. समोर भेटतो तो दासमारुती. माणसाएवढा उंच, रामाकडे तोंड करून हात जोडून उभा. रामाचं दर्शन घेऊन देवळाच्या मागच्या अंगाला गेलं की दुसरा, प्रतापमारुती. शेपटी डोक्यावरून वळलेली, सगळ्या अंगात आवेश. दोघांनाही समर्थ रामदासांनीच स्थापलं, त्यांच्या अकरा मारुतींमधले हे दोन. मी लहानपणापासून तिथं जाते आहे. एकाच देवळाच्या पुढे आणि मागे एकाच देवाची दोन रूपं का, आणि त्यातलं हात जोडलेलं पुढे का, हा प्रश्न मला पडायचा. त्याचं उत्तर मला एका इंग्रजी सिनेमानं दिलं, तेही मी साठीच्या उंबरठ्यावर आल्यावर.

मी कराडची. गेली तीसेक वर्षं नारदीय कीर्तन करते. 2020 साली देवळं बंद झाली, उत्सव थांबले, आणि एरवी रामनवमी ते हनुमानजयंती घरी न टेकणारी मी महिनोन्‌महिने घरात बसले. आठ वर्षांचा नातू दिवसभर टीव्हीसमोर. त्याच्या शेजारी बसून मी हिंदीत भाषांतर केलेला ‘स्पायडर-मॅन 2’ पाहिला. सॅम रायमी नावाच्या दिग्दर्शकाचा, 2004 सालचा. पहिल्यांदा त्याच्या हट्टाखातर पाहिला, नंतर चार वेळा माझ्यासाठी.

पाहताना मी माझा धंदाही पाहत होते, हे सांगायला हवं. कीर्तनकाराचं निम्मं लक्ष श्रोत्यांवर असतं. कोण खोकतंय, कोणाच्या बांगड्या वाजतात, कोण मागे भिंतीला टेकलंय. सभा कुठे बांधली जाते आणि कुठे सुटते, हे आम्हाला बुक्का लावायच्या आधीच कळतं. हनुमंताच्या उड्डाणाचं आख्यान मी शेकडो वेळा लावलं असेल. तबला दुगुनीत, झांजा चढलेल्या, मारुतीनं समुद्रावरून झेप घेतली; लोक खूश होतात, मुलं पुढे सरकतात. पण सभा बांधली जाते ती त्याच्या आधी. समुद्राच्या काठावर वानर बसले आहेत. कोण किती योजनं उडेल याचा हिशेब चाललाय. अंगद म्हणतो, जाईन, पण परतायची खात्री नाही. म्हातारा जांबवंत म्हणतो, आता वयानं माझं बळ ओसरलं. आणि ज्याच्यात सगळं सामर्थ्य आहे तो एका बाजूला गप्प बसला आहे, कारण ऋषींच्या शापानं त्याला स्वतःचं बळ आठवतच नाही. मी इथे पेटी थांबवायला सांगते. त्या क्षणी मंडपात कोणी खोकत नाही.

सिनेमातही तेच होतं. इमारतींवरून झोके घेणारा मुलगा पाहायला मजा येते, पण नातवाचा हात माझ्या हातावर घट्ट झाला तो वेगळ्याच ठिकाणी. पीटर पार्कर या पोराची शक्ती मधेच साथ सोडू लागते. जाळं सुटत नाही, तो उंचावरून गल्लीत आदळतो, डोळ्यांना पुन्हा चष्मा लागतो. भाडं थकलंय, नोकरी टिकत नाही, आवडती मुलगी दुरावली आहे. शेवटी तो आपला पोशाख कचऱ्याच्या पिंपात टाकून चालू लागतो.

मग तो आपल्या मे काकूसमोर बसतो. स्वयंपाकघरातलं टेबल, समोरासमोर दोघं. काका ज्या चोराच्या गोळीनं गेले, त्याला मी अडवू शकत होतो, तो माझ्या समोरून पळाला आणि मी जाऊ दिला, हे तो तिला सांगतो. काकूचा हात त्याच्या हातात असतो. ती काही बोलत नाही. तो हात ती काढून घेते, उठते आणि जिना चढून वर जाते. बस्स, एवढंच. पुढच्या सगळ्या मारामाऱ्या मी विसरले तरी तो काढून घेतलेला हात विसरणार नाही. आपल्याकडे पापाचा उच्चार केल्याशिवाय प्रायश्चित्त सुरू होत नाही असं मानतात, आणि उच्चार करणं किती महाग पडू शकतं हे त्या हातात होतं.

स्पायडर-मॅन पहिल्यांदा छापला गेला 1962 साली, ‘अमेझिंग फँटसी’ या चित्रमासिकाच्या पंधराव्या अंकात. स्टॅन ली यांनी लिहिला, स्टीव्ह डिटको यांनी काढला. त्याच्या आधीचा मोठा नायक सुपरमॅन, 1938 सालचा, क्लीव्हलँडमधल्या दोन तरुणांनी रचलेला. सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून बळ घेऊनच येतो. हा मात्र शाळकरी पोर, आणि त्याची गोष्ट एका चुकीपासून सुरू होते. मिळालेल्या बळाचा पहिला उपयोग तो पैसे मिळवायला करतो, चोराला आपला काय संबंध म्हणून सोडतो, आणि त्याच चोराच्या हातून घरचा माणूस गमावतो. त्या दिवसापासून ते बळ त्याचं स्वतःचं उरत नाही. ते कोणाच्या तरी चरणी वाहिलेलं असतं.

मी हे नातवाला समजावू लागले आणि समोर दासमारुती उभा राहिला. बळ पाहायला माणूस येतो, पण त्याचे डोळे हटत नाहीत ते हे बळ कोणापुढे हात जोडतं ते पाहण्यासाठी. हात जोडणारा दुबळा असेल तर त्यात काही विशेष नाही. दुबळ्याला दुसरं करताच काय येतं? मागे प्रतापमारुती आहे म्हणून पुढचा दासमारुती पाहण्यासारखा. आमच्या भागातल्या तालमीत पैलवान मातीला हात लावून, मारुतीला नमस्कार करून मग आखाड्यात उतरतो, तोही याच क्रमानं.

यात एक जुना प्रश्न दडलेला आहे आणि तो सिनेमापेक्षा फार मोठा आहे. सर्वशक्तिमान देवाची गोष्ट सांगताच येत नाही. ज्याला काहीच अशक्य नाही त्याचं काय होणार याची काळजी कोणाला वाटेल? आपल्या पुराणकारांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी प्रत्येक सामर्थ्याला वर, शाप किंवा वचनाची वेसण घातली. रावणानं देवदानवांपासून अभय मागितलं, माणसाला क्षुद्र समजून सोडून दिलं. तेव्हा विष्णूला माणूसच व्हावं लागलं, आणि माणूस व्हायचं तर माणसाचं सगळंच घ्यावं लागतं. सीता हरवल्यावर राम झाडांना विचारत, वेलींना विचारत रानात फिरतो. तो देव आहे हे ऐकणाऱ्याला माहीत असतं, तरी डोळ्याला पदर लागतो. मर्यादा स्वीकारणं हाच अवताराचा पहिला पराक्रम आहे, असं मी निरूपणात सांगते, आणि मनापासून सांगते.

म्हणून सगळेच असे सिनेमे मला धरून ठेवत नाहीत. 2013 चा ‘मॅन ऑफ स्टील’ मुलानं आग्रहानं दाखवला होता. दोन अजिंक्य पुरुष एकमेकांना इमारतींवर आपटतात, अख्खं शहर ढासळतं. त्या इमारतींत माणसं होती याची कोणाला आठवण आहे असं वाटलंच नाही. मी मधूनच उठले.

‘स्पायडर-मॅन 2’मधला खलनायकही मला विचार करायला लावून गेला. डॉक्टर ऑक्टोपस मुळात सज्जन शास्त्रज्ञ, बायकोवर जीव असलेला. पाठीच्या कण्याला त्यानं चार यांत्रिक हात जोडून घेतले आहेत. त्या हातांना स्वतःची बुद्धी आहे, म्हणून मानेपाशी एक छोटी चकती बसवली आहे, जिच्यामुळे हात त्याच्या ताब्यात राहतात. प्रयोग फसतो, बायको जाते, ती चकती जळते. त्यानंतर हात त्याच्या कानाशी येऊन कुजबुजतात आणि तो ऐकतो. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलं आहे. इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. मी वर्षानुवर्षं हे सांगत आले, श्रोते मान डोलवतात, पण घोडे उधळले म्हणजे नेमकं काय होतं ते डोळ्यांपुढे उभं करायला मला कधी नीट जमलं नव्हतं. नदीकाठच्या एका तुटक्या धक्क्यावर एकटा बसलेला माणूस आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारे, त्याचीच वासना त्यालाच सांगणारे चार हात. नातू विचारत होता, “आजी, हात त्याचे आहेत की तो हातांचा आहे?” यापेक्षा नेमका प्रश्न मला कोणा अभ्यासकानंही विचारला नव्हता. शेवटी त्या माणसाला भान येतं, तो हातांना आपल्या आज्ञेत आणतो आणि शहर वाचवण्यासाठी आपलं यंत्र घेऊन नदीच्या तळाशी जातो. सारथी पुन्हा रथावर बसला, उशिरा का होईना.

देवळं उघडल्यावर पहिल्याच हनुमानजयंतीला मी हे पूर्वरंगात घेतलं. आरतीनंतर एक ज्येष्ठ श्रोते थांबले. “ताई, राग मानू नका. मारुतीरायाच्या शेजारी त्या सिनेमातल्या पोराला बसवायला नको होतं.” मी रागावले नाही, घरी येऊन त्यावर पुष्कळ विचार केला. त्यांचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. पीटर राबतो तो पश्चात्तापापोटी. त्याचं एक देणं आहे आणि ते कधी फिटत नाही, म्हणून तो थकतो, म्हणून शक्ती त्याला सोडून जाते. मारुतीवर कसलंच देणं नाही. त्याला राम आवडतो, एवढंच त्याच्या सेवेचं कारण, आणि म्हणून त्याच्या सेवेला थकवा ठाऊक नाही. त्या पोराकडे हात जोडायला गेलेला काका आहे, समोर उभा राम नाही. हा फरक मी आता कीर्तनात सांगते.

पण त्या श्रोत्यांना मला आणखी एक सांगायचं होतं, ते तेव्हा सुचलं नाही. शक्ती गेलेल्या दिवसांत पीटर रस्त्यानं जात असतो. एका इमारतीला आग लागलेली, आत लहान मूल अडकल्याची हाकाटी. त्याच्याकडे जाळं नाही, भिंतीवर चढणं नाही, काही नाही. तो आत शिरतो आणि धुरातून एका चिमुरडीला बाहेर काढतो. आणि लगेच कानावर येतं की चौथ्या मजल्यावर एक जीव गेला. बळ असतं तर तोही वाचला असता. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. माझ्या मते सबंध सिनेमाचा प्राण इथे आहे, कारण इथे तो मारुती नाही, जटायू आहे.

जटायूचं आख्यान मी फार कमी वेळा लावते, कारण पुढे मला गाता येत नाही. झाडावर झोपलेला म्हातारा पक्षी, साठ हजार वर्षांचा. सीतेची हाक ऐकून उठतो. आधी रावणाला चांगल्या शब्दांत सांगून पाहतो. मग स्पष्ट म्हणतो की मी म्हातारा आहे, तू तरुण आहेस, तुझ्याकडे रथ आहे, धनुष्य आहे, कवच आहे, तरी मी जिवंत असेपर्यंत हिला नेऊ देणार नाही. जिंकणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. रथ मोडतो, पंख छाटले जातात, सीता जाते. त्यानं काहीच वाचवलं नाही. आणि रामानं त्याला बापाच्या मित्राचा मान देऊन स्वतःच्या हातानं अग्नी दिला.

सिनेमातला आगगाडीचा प्रसंग बहुतेकांना आठवतो. उंच रुळांवरून सुसाट सुटलेली गाडी, पुढे रूळ संपलेले. शक्ती परत आलेला पीटर समोरच्या बाजूला चिकटून, दोन्हीकडच्या इमारतींना जाळी मारून, अंगावरचा पोशाख फाटेपर्यंत ती ओढून धरतो. गाडी थांबते आणि तो बेशुद्ध होऊन खाली पडणार, इतक्यात डब्यातून हात येतात. उतारू त्याला आत घेतात आणि डोक्यावरून, हातोहात मागे नेतात, त्याचे दोन्ही हात पसरलेले. त्याच्या तोंडावर मुखवटा नसतो. सगळे पाहतात की हे तर आपल्या घरातल्यासारखं पोर आहे. दोन मुलं त्याचा मुखवटा परत आणून देतात आणि कोणाला सांगणार नाही म्हणतात. नातू इथे दर वेळी उठून बसतो.

पण मी पाहते ती त्यानंतरची गोष्ट. ऑक्टोपस डब्यात येतो आणि पोराला मागतो. एक माणूस पुढे होतो. आधी मला ओलांडून जा, म्हणतो. मग दुसरा, मग आणखी कोणी. कामावरून घरी निघालेली, रोजच्या कपड्यांतली माणसं, हातात काही नसलेली. यांत्रिक हात त्यांना एका फटक्यात बाजूला सारतात. दोन क्षणांचा अडथळा, त्याहून जास्त नाही. त्यांची नावं सिनेमा सांगत नाही.

हल्ली जटायूच्या आख्यानाला उभी राहिले की डोळ्यांपुढे अरण्य येण्याआधी तो डबा येतो. मी पेटी थांबवते. पुढच्या रांगेत मांडी घालून नातू बसलेला असतो, आणि रावणाचा रथ आकाशात चढायच्या आधीच तो माझ्याकडे पाहू लागतो.