परमुलखातले पान आणि आपला नियम

परमुलखात फिरताना तिथले पारंपरिक पदार्थ खावेत की नाहीत, हा प्रश्न पाठीवर सॅक टाकून निघालेल्या प्रवाशाला बहुधा चवीचा किंवा पोट बिघडण्याचा वाटतो. धर्मविचारात मात्र ती दोन कर्तव्यांची ओढाताण आहे. यजमानाने वाढलेल्या पानाचा अव्हेर करू नये, हे एक कर्तव्य. आपला आहारनियम मोडू नये, हे दुसरे. तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्ली अन्नाची निंदा करू नये आणि आसऱ्याला आलेल्याला परत पाठवू नये, ही व्रते एकाच ओघात सांगते. पण पाहुण्याला न चालणारे अन्न पुढे आले तर काय करावे, याविषयी ती बोलत नाही. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे या तालुक्यांशी जोडलेल्या परंपरांतून या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे मिळतात.

थंडीच्या दिवसांत या भागात आलेल्या पाहुण्यासाठी पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडे मीठ आणि ओवा, मधल्या थरांत अंडी व मसाला लावलेली कोंबडी, आणि वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडके शेतात उपडे ठेवून भोवती पेंढा आणि पालापाचोळा पेटवतात. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. सगळे आपल्याच वाफेवर शिजते. मडक्यावर शिंपडलेले पाणी चर्रकन उडाले की पोपटी झाली. शाकाहारी पाहुण्याला इथे नुसत्या शेंगा वेचून चालत नाही, कारण त्यांना कोंबडीचा रस लागलेला असतो. त्याच्यासाठी बटाटे, रताळी, वांगी घालून दुसरे मडके लावता येते. अडचण पदार्थाची असल्यामुळे ती मडके बदलून सुटते आणि पंगत मोडत नाही.

हाच मार्ग बेने इस्रायल समाजाने शतकानुशतके चोखाळला. कोकणच्या किनाऱ्यावर स्थिरावलेले हे मराठीभाषक यहुदी तेलघाण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. तोराहच्या नियमाप्रमाणे ज्या माशाला खवले आणि पर आहेत तोच खाण्याजोगा. त्यामुळे पेणच्या तलावांतला जिताडा त्यांना चालतो. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या चालत नाहीत. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही, म्हणून कालवणात नारळाचे दूध आले. डेव्हिड राहाबी या यहुदी प्रवाशाची कथा समाजात सांगितली जाते. त्याने बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवले आणि त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले, तेव्हा त्याला या लोकांची ओळख पटली. नवस किंवा मंगलकार्याच्या वेळी ते एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा आणि बाजूला फळे, असे ते ताट असते. पोहे, खोबरे, गूळ सारे कोकणातले, प्रार्थना हिब्रू. १९४८ नंतर समाजातील बहुतेक लोक इस्रायलला गेले आणि मलिदाही तिकडे गेला. स्थानिक अन्न स्वीकारूनही नियम पाळता येतो, याचा हा पुरावा आहे.

दुसरे उत्तर विनोबा भाव्यांचे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे गावी झाला. १९५१ मध्ये सुरू झालेल्या भूदान पदयात्रेत ते वर्षानुवर्षे रोज नव्या गावी मुक्काम करीत, आणि १९६२ मध्ये पूर्व पाकिस्तानातूनही चालत गेले. गांधीजींच्या आश्रमातील एकादश व्रतांपैकी अस्वाद हे एक. अन्न शरीर चालावे म्हणून घ्यायचे, जिभेसाठी नव्हे, असा त्याचा अर्थ. विनोबांचा आहार मुख्यतः दूध-दह्याचा राहिला. या दृष्टीने गावाशी नाते जोडायला त्या गावाची चव घ्यावीच लागते असे नाही.

तिसरे उत्तर पांडुरंगशास्त्री आठवल्यांचे. रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी जन्मलेल्या शास्त्रीजींच्या स्वाध्याय परिवारात भक्तिफेरी हा उपक्रम आहे. त्यात माणसे स्वखर्चाने परगावी जातात आणि यजमानावर जेवणाचाही भार टाकत नाहीत. इथे अन्न न घेण्यामागे विटाळाची कल्पना नाही, निरपेक्षतेची आहे.

तिन्ही उत्तरे वेगळी, पण एका बाबतीत सारखी: नियमाचा रोख पदार्थावर किंवा स्वतःच्या संयमावर आहे, वाढणाऱ्या माणसावर नाही. छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाची कथा याच कसोटीची आहे. कुरुदेशात पिके बुडाली असताना हा ब्राह्मण एका माहुताकडून त्याच्या खाण्यातली उष्टी कडधान्ये मागून घेतो, पण त्याचे उष्टे पाणी नाकारतो. अन्नावाचून जीव गेला असता, पाणी मात्र कुठेही मिळते, असे तो कारण देतो. ब्रह्मसूत्रांनी यावरून प्राणसंकटात कोणतेही अन्न चालते असा निर्णय काढला. एरवी नियम कायम.

नियम माणसावर रोखला गेला की त्याचे स्वरूप बदलते. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना वर्ज्य होते आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ते पिऊन सत्याग्रह केला. तळ्यातले पाणी सर्वांना एकच होते. बंदी ओंजळीवर होती. बेने इस्रायलांमध्येही गोरे आणि काळे असा भेद होता आणि त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार टाळला जाई. माशाविषयी नेमका नियम पाळणारा समाजही या दुसऱ्या नियमापासून सुटला नव्हता.

तेव्हा परदेशी प्रवाशाने पुढे आलेला प्रत्येक पदार्थ खाल्लाच पाहिजे, असे बंधन धर्मविचारातून निघत नाही. नकारालाही तिथे जागा आहे, पण त्याचे कारण यजमानाला तोंडावर सांगता आले पाहिजे. 'मला कोंबडी चालत नाही' हे सांगता येते. 'तुमच्या हातचे चालत नाही' हे सांगायला जीभ अडखळते, आणि अडखळायलाच हवी. उलट निव्वळ नावीन्यापोटी सगळे चाखणाराही यजमानाचा मान राखतोच असे नाही. पदार्थ कोणी आणि कशासाठी रांधला याची विचारपूस न करता खाल्लेले अन्न आतिथ्य न राहता विकत घेतलेली वस्तू ठरते.