बदक आणि बोजारा

नागपूरच्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये माझ्या थारच्या बॉनेटवर कुणीतरी पिवळं रबरी बदक ठेवून गेलं होतं. चिठ्ठी नाही, नंबर नाही. गाडी सेकंडहँड, हप्ते अजून चालू. तरी त्या बदकामुळे मी वर्ध्यापर्यंत एकटाच हसत आलो.

ही प्रथा २०२० साली कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात सुरू झाली. ॲलिसन पार्लमेंट नावाची तरुणी एका अनोळखी माणसाच्या वाईट वागण्यानं हादरली होती. तिनं रबरी बदकं विकत घेतली आणि वाटेत दिसलेल्या एका जीपवर, गाडीचं कौतुक करणाऱ्या चिठ्ठीसह, त्यातलं एक ठेवून दिलं. सोशल मीडियावर ते पसरलं आणि जीपवाले एकमेकांना बदकं देऊ लागले. महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे विलिस जीप आणली. थार त्याच वंशातली. म्हटलं, आपणही नात्यातलेच! मी डझनभर बदकं मागवली आणि थार दिसली की ठेवू लागलो. देणारा कोण ते कळत नाही, परतफेडीची अपेक्षा नाही. याहून निर्मळ देणं कोणतं, असं मला वाटायचं.

मग जुलै आला. बोर धरणाकडून परतताना हिंगणीच्या आसपास मी मुद्दाम गाडी पांदणीत घातली. फोर बाय फोर आहे, मग भीती कसली? शंभरेक मीटरवर काळ्या मातीनं चारही चाकं धरली आणि गाडी पोटावर बसली. दोष गाडीचा नव्हता, माझ्या आगाऊपणाचा होता.

बाजूच्या कपाशीत डवरण चालू होतं. तिथले काका बैलजोडी घेऊन आले, जुवाला दोर बांधला, आणखी दोघांना हाक मारली. अर्ध्या तासानं गाडी बाहेर. मी पाचशेची नोट काढली.

"राहू द्या भाऊ, पैसे कायले? पोळ्याले या. बैलायले बोजारा द्या."

मी "नक्की" म्हणालो. डॅशबोर्डवर सात बदकं रांगेत बसली होती. त्यातलं एक काकांना द्यावं, हे माझ्या मनातही आलं नाही. त्यांच्याकडे थार नव्हती ना!

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळा फुटला की सजवलेले बैल दारोदार नेतात. लोक त्यांची पूजा करतात आणि बैल आणणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवतात. तो बोजारा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तेव्हा लहान मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघर जातात आणि त्यांनाही बोजारा मिळतो. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर त्याच्या भल्यामोठ्या लाकडी नंद्यांसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे खेळण्यातल्या प्राण्यावरून भेट देणं आम्हाला नवीन नाही. फरक एवढाच की बोजारा देताना दारात उभं राहावं लागतं. कुणाचं पोर, कुणाचा बैल, हे विचारावं लागतं.

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये भेटीवर एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक समाजांतल्या चालीरीती तपासून त्यांनी दाखवलं की भेट वरवर ऐच्छिक दिसते, पण तिच्यात तीन बंधनं असतात: द्यावं लागतं, घ्यावं लागतं, परत करावं लागतं. ही बंधनंच माणसांना बांधून ठेवतात. बदक या तिन्हीतून सुटतं, म्हणून ते मला आवडत होतं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठच मानलंय की. खरं आहे. पण गुप्तदानात देणारा लपतो तो घेणाऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून. मी लपत होतो माझ्या सोयीसाठी. आणि देत होतो कुणाला? ज्याच्याकडे माझ्यासारखीच गाडी आहे त्याला. बदक वाईट नाही, कुणाचा तरी दिवस त्यानं बरा जातो. माझा गेला होता. पण आपल्यासारख्यांनाच आनंद वाटून मी स्वतःला उदार समजत होतो, आणि ज्याचं खरोखर देणं लागत होतो त्याच्यापुढे नोट धरून मोकळा होऊ पाहत होतो. काकांनी ती नाकारली आणि मला देणेकरी ठेवलं. तो अपमान नव्हता, घरी येण्याचं आमंत्रण होतं. हे कळायला मला फार वेळ लागला.

त्या वर्षी पोळ्याला मी गेलो नाही, ग्रुपची ड्राइव्ह होती. पुढच्या वर्षीही नाही. आता काय तोंड दाखवायचं, असं वाटलं. मधल्या काळात तीसेक बदकं वाटून झाली.

परवा हिंगणीवरून गेलो. वेग कमी केला, पण थांबलो नाही. यंदाच्या पोळ्याला तीन आठवडे आहेत. पांदण मला आठवते, तिच्या तोंडाशी मोठा कडुनिंब आहे. या वेळी गाडी तिथेच लावायची आणि आत चालत जायचं.